परक्या आल्बमांतील आपलें घर

भिंतीवर मोठ्या नक्षीचा एक गालिचा टांगलेला आहे. त्यापुढें सोफ्यावर आजी बसली आहे. तिच्या मांडीवर लोकरीच्या टोपींतलें मूल आहे. बाजूच्या कांचेच्या कपाटांत स्फटिकाचे पेले ओळीनें मांडलेले आहेत, आणि कोपऱ्यांतून नववर्षाच्या झाडाची एक फांदी डोकावत आहे. छायाचित्र काळेंपांढरें आहे, किंचित् हललेलें आहे. तें काढणारा कोण होता हें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. बहुधा तो मुलाचा बाप असावा, कारण अशा आल्बमांच्या पानापानांतून तोच काय तो गैरहजर असतो. मागल्या बाजूस शाईनें सन घातलेला असतो: १९६८, १९७३, १९७९. मॉस्को, ताश्कंद, रीगा किंवा व्लादिवोस्तोक येथील पन्नाशी उलटलेल्या मनुष्याच्या हातीं असें एखादें परक्याचें छायाचित्र येतें आणि तो क्षणभर थबकतो. त्यांतील आजी त्याची नव्हे, मूलही तो नव्हे. परंतु गालिचा तोच, कपाट तेंच, पेलेही तेच. “हें तर आमचें घर!” असे उद्गार त्याच्या तोंडून निघून जातात.

सोव्हिएट संघराज्य १९९१ च्या डिसेंबर महिन्यांत संपुष्टांत आलें. ज्या राज्यानें माणसांना तुरुंगांत घातलें, दूर उत्तरेच्या छावण्यांत धाडलें, पुस्तकें दडपलीं आणि सीमा बंद ठेवल्या, त्या राज्याच्या आठवणीनें लोकांचे डोळे ओलावावे याचें बाहेरच्या जगाला नवल वाटतें. मॉस्कोच्या लेव्हादा केंद्रानें घेतलेल्या लोकमताच्या पाहणींत २००० सालीं शेंकडा ७५ रशियनांनीं त्या विघटनाबद्दल खेद व्यक्त केला होता. २०१८ च्या अखेरीस हेंच प्रमाण शेंकडा ६६ होतें. एवढ्यावरून या साऱ्या लोकांना जुनी राजवट परत हवी आहे, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो निष्कर्ष घाईचा आहे. खेद नेमका कशाचा, हें आकड्यांवरून कळत नाहीं. घरगुती आल्बम चाळतांना मात्र तें कांहींसें उमगूं लागतें. आणि तेथेंच एक अडचणही उभी राहते, कारण याच आल्बमांतून असेंही कांहीं सांपडतें कीं ज्यापुढें हळहळ अडखळते.

हीं छायाचित्रें कोणत्या यंत्रानें टिपलीं, येथूनच आरंभ करणें बरें. युक्रेनमधील खार्किव्ह शहरांत १९२७ च्या अखेरीस निराधार मुलांसाठीं एक श्रमवसाहत स्थापन झाली. महायुद्ध, यादवी आणि दुष्काळ यांच्या तडाख्यांत आईबापांना मुकलेलीं असंख्य मुलें त्या काळांत रस्त्यांवर आणि आगगाड्यांच्या स्थानकांवर दिवस कंठीत होतीं. प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को यांच्या देखरेखीखालीं या वसाहतींतील मुलें कांहीं तास शाळेंत शिकत आणि कांहीं तास कारखान्यांत राबत. लाइका या जर्मन कॅमेऱ्याची हुबेहूब नक्कल या मुलांच्या कारखान्यांत तयार होऊं लागली, आणि १९३४ पासून ती बाजारांत येऊं लागली. वसाहतीला सोव्हिएट गुप्त पोलिसांचे संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांचें नांव दिलेलें होतें. त्या नांवाच्या तीन आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचें नांव पडलें ‘फेड’. वसाहत उभारण्यासाठीं युक्रेनच्या गुप्त पोलीसखात्यांतील नोकरांनीं आपल्या पगारांतून वर्गणी दिली होती. पहिल्या काळांतील फेड हातांत घेऊन पाहिला तर त्याच्या वरच्या पत्र्यावर एन्.के.व्ही.डी. या खात्याचें नांव बारीक अक्षरांत कोरलेलें आढळतें. ज्या खात्याची मोटार रात्रीं दाराशीं थांबली म्हणजे सबंध इमारत कान टवकारून जिन्यावरचीं पावलें मोजीत असे, त्याच खात्याच्या नांवाच्या यंत्रानें लोक आपल्या लेकरांचीं पहिलीं पावलें टिपीत होते. हें विडंबन कोणी मुद्दाम योजलेलें नव्हतें, हेंच त्यांतील विशेष.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅमेरे स्वस्त आणि मुबलक झाले. लेनिनग्राडच्या कारखान्यांतून निघणारा ‘स्मेना’ हा साधा कॅमेरा शाळकरी मुलालाही वाढदिवसाच्या भेटीदाखल मिळे. त्याच्या एकाच नमुन्याचे दोन कोटींहून अधिक नग तयार झाले असें सांगतात. फिल्म युक्रेनमधील शोस्त्का किंवा व्होल्गाकांठच्या कझान येथील कारखान्यांतून येई. रंगीत छायाचित्र काढणें आणि त्याहूनही तें कागदावर उतरविणें कटकटीचें असल्यामुळें सामान्य कुटुंबांचे आल्बम शेवटपर्यंत बहुतांशीं काळेपांढरेच राहिले. आणि तीं छायाचित्रें धुण्याचें काम घरींच व्हावयाचें. रविवारीं रात्रीं न्हाणीघराचें दार बंद करून, फटींत चिंध्या कोंबून, तांबडा दिवा लावून बाप आणि मुलगा टबावर टाकलेल्या फळीपुढें बसत. बशींतील द्रवांत बुडविलेल्या कोऱ्या कागदावर प्रथम केसांची काळी रेघ, मग डोळे, मग आईचा सबंध चेहरा हळूहळू वर येई. ज्यांनीं हें बालपणीं पाहिलें त्यांच्या आठवणींतून तो तांबडा उजेड कधींच गेला नाहीं. सोव्हिएट जीवनाबद्दलच्या हळहळींतील निम्मा भाग या उजेडाचा आहे, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. त्या बंद दाराआड सरकारला जागा नव्हती, आणि बाप मात्र संपूर्णपणें हजर होता.

परंतु न्हाणीघर स्वतःचें असणें ही गोष्ट फार उशिरां आली. क्रांतीनंतर कित्येक दशकें शहरांतील असंख्य कुटुंबें सामाईक बिऱ्हाडांत राहात. मुंबईच्या चाळीची ओळख असलेल्यांना त्यांची कल्पना चटकन् येईल. मात्र चाळींत प्रत्येक बिऱ्हाडाची चूल तरी निराळी असते. येथें एखाद्या जुन्या श्रीमंताच्या प्रशस्त घराच्या खोल्या पांच, सात, दहा कुटुंबांत वांटून दिलेल्या असत, आणि स्वयंपाकघर, संडास व न्हाणीघर हीं सर्वांचीं मिळून एक. दाराशीं कोणासाठीं घंटा किती वेळां वाजवावी याची यादी लावलेली असे. विजेच्या दिव्यावरून, चुलीवरील जागेवरून, टेलिफोनवरील बोलण्याच्या वेळेवरून नित्य खटके उडत. शेजारी मदतीस धांवून येई, तसाच तो भिंतीला कान लावूनही बसे. आज या स्वयंपाकघरांचीं छायाचित्रें पाहून ‘केवढा तो एकोपा!’ म्हणणाऱ्यांत त्या स्वयंपाकघरांत प्रत्यक्ष स्वयंपाक केलेल्या स्त्रिया थोड्याच असाव्यात.

३१ जुलै १९५७ रोजीं निकिता ख्रुश्चेव्ह यांच्या राजवटींत घरबांधणीसंबंधींचा एक ठराव झाला, आणि तेथून या देशाचें रूप पालटलें. कारखान्यांत ओतलेल्या सिमेंटच्या भिंती आणून जागेवर जोडावयाच्या, पांच मजल्यांवर थांबावयाचें म्हणजे पाळणा बसवावा लागत नाहीं, स्वयंपाकघर जेमतेम पांच-सहा चौरस मीटरांचें ठेवावयाचें, असा हा हिशेब होता. मॉस्कोच्या नैर्ऋत्येस नोव्ये चेर्योमुश्की येथें याचा पहिला नमुना उभा राहिला. तेथील बिऱ्हाड मिळविण्याच्या धडपडीवर शोस्ताकोविच यांनीं एक संगीतिकाही रचली, तिचा पहिला प्रयोग १९५९ च्या आरंभीं झाला. छतें ठेंगणीं होतीं, भिंतींतून शेजाऱ्याचा खोकला ऐकूं येई, नांवें ठेवण्याजोगें पुष्कळ होतें. पण कोट्यवधि माणसांना आयुष्यांत पहिल्या प्रथमच आपलें दार आंतून लावतां आलें. त्या लहानशा स्वयंपाकघरांत रात्रीं उशिरांपर्यंत चहा पीत, नळ मुद्दाम सोडून ठेवून, मित्र मित्रांशीं मनांतलें बोलूं लागले. जुन्या छायाचित्रांतून सर्वांत अधिक दाटी असते ती या स्वयंपाकघरांत: सहा माणसांच्या जागेंत अकरा माणसें, एक गिटार, लोणच्याची काकडी, आणि खिडकींत लोंबणारी जाळीची पिशवी. या पिशवीला रशियन भाषेंत ‘अवोस्का’ म्हणत. ‘अवोस’ म्हणजे ‘कदाचित्’. कदाचित् कोठें कांहीं मिळेल म्हणून खिशांत नेहमीं बाळगावयाची ती अवोस्का.

घरें एका सांच्याचीं, म्हणून कपाटें एका सांच्याचीं. कारखाने सरकारचे, म्हणून दिव्याची झांकण, चहाचा पेला, मुलाची घसरगाडी, शाळेचा गणवेष, सारें एकाच नमुन्याचें. एल्दार र्‍याझानोव्ह यांचा १९७५ सालचा चित्रपट याच गोष्टीवर उभारलेला आहे. मॉस्कोंतील एक डॉक्टर मद्याच्या धुंदींत चुकून विमानानें लेनिनग्राडला पोंचतो, आपला नेहमींचा पत्ता सांगतो, त्या शहरांतही त्या नांवाचा रस्ता, त्या क्रमांकाची इमारत आणि तेंच बिऱ्हाड असतें, आणि त्याच्या खिशांतील किल्ली तेथील कुलुपाला बिनचूक लागते. ‘नियतीचें विडंबन’ या अर्थाच्या नांवाचा हा चित्रपट १ जानेवारी १९७६ रोजीं दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविला गेला आणि पुढें दर नववर्षाच्या रात्रीं तो पाहणें हा घरोघरचा रिवाज होऊन बसला. हंसतां हंसतां त्यांत जें सांगितलें आहे तेंच परक्या आल्बमांचें रहस्य आहे. इतर देशांत परक्याचें छायाचित्र हें परक्याचेंच राहतें. येथें मात्र एका घराची किल्ली अकरा कालपट्टांतील कोणत्याही घराला लागते.

एवढी ओढ का, या प्रश्नाचें एक उत्तर पैशांत आहे. मॉस्कोच्या भुयारी आगगाडीचें भाडें १९६१ पासून १९९१ पर्यंत पांच कोपेक होतें. रस्त्यावरील यंत्रांतून साधें सोडावॉटर एक कोपेकला आणि सरबत घातलेलें तीन कोपेकला मिळे. यंत्रावर कांचेचा एकच पेला असे आणि तो जागच्या जागीं विसळून पुढचा मनुष्य त्याच पेल्यानें पीत असे. लहान मुलालाही पुढल्या वर्षीं कशाला किती पडेल हें ठाऊक असे. मग २ जानेवारी १९९२ रोजीं रशियांत बहुतेक वस्तूंच्या किंमतींवरील सरकारी बंधन उठलें, आणि त्या एका वर्षांत किंमती पंचवीस पटींहून अधिक वाढल्या. मोटारीसाठीं जन्मभर सांचविलेल्या रकमेंत महिन्याचा बाजारही येईना. प्राध्यापक, परिचारिका, वृद्ध शिपाई हे आपल्या घरांतील पेले आणि पुस्तकें घेऊन फुटपाथवर विकावयास उभे राहिले. म्हणजे छायाचित्रांतील कांचेचें कपाटच रस्त्यावर आलें. पुरुषांचें सरासरी आयुर्मान सोव्हिएट राज्याच्या शेवटच्या वर्षीं सुमारें ६३ वर्षें होतें, तें १९९४ सालीं ५८ च्याही खालीं आलें. एवढी माणसें लढाईवांचून, घरच्या घरीं, मद्यानें, हृदयविकारानें आणि निराशेनें अकालीं गेलीं. त्यांच्या विधवांनीं जुना आल्बम उराशीं धरला तर त्यांना राजकारण शिकविणें शोभत नाहीं.

मात्र आल्बम खोटें बोलत नसला तरी तो निवडून बोलतो. लोक सणाचें छायाचित्र काढीत, रांगेचें काढीत नसत. सणाच्या मेजावरील कोशिंबिरी दिसतात. त्यांतील वाटाण्याचा डबा मिळविण्यासाठीं किती दिवस आधीं ओळखी काढाव्या लागल्या तें दिसत नाहीं. गांवोगांवचीं माणसें मांस आणि सॉसेज आणण्यासाठीं आगगाडीनें मॉस्कोस जात. लांबट, हिरवी आणि सॉसेजचा वास येणारी वस्तु कोणती, असा त्या काळीं एक उखाणा होता. उत्तर, मॉस्कोहून परतणारी गाडी. स्वतः त्या गाडीचें वा स्थानकाचें छायाचित्र काढावें तर पोलिसानें हटकलेंच म्हणून समजावें, कारण पूल, स्थानकें आणि कारखाने यांवर कॅमेरा रोखण्यास मनाई होती.

आणि किंमती स्थिर असत हेंही अर्धेंच खरें. १९६२ च्या जूनमध्यें मांस आणि लोणी यांचे भाव चढविण्यांत आले, तेव्हां नोव्होचेर्कास्क येथील कामगार मोर्चा घेऊन निघाले. २ जून रोजीं त्यांच्यावर गोळीबार होऊन निदान २६ माणसें ठार झालीं; प्रेतें रात्रीं दूरदूरच्या दफनभूमींत गुपचूप पुरण्यांत आलीं. त्या दिवशींचीं छायाचित्रें अस्तित्वांत होतीं, पण तीं कोणाच्या आल्बमांत गेलीं नाहींत. गर्दींत मिसळलेल्या गुप्त पोलिसांनीं तीं काढलीं होतीं, आणि पुढें आरोपी ओळखण्यासाठीं तीं वापरलीं. सात जणांना देहदंड झाला. हा सारा वृत्तांत १९८० नंतरच्या दशकाच्या शेवटापर्यंत देशाला कळूं दिला नाहीं.

कांहीं छायाचित्रें तर कडेनें कापल्यासारखीं आहेत, मग तीं कितीही निरागस असोत. क्रिमियाच्या किनाऱ्यावरील विश्रांतिगृहापुढें पांढऱ्या पोषाखांतील स्त्रीपुरुष रांगेंत उभे आहेत आणि खालीं पांढऱ्या वळणदार अक्षरांत ‘याल्टा १९५५’ असें लिहिलें आहे, अशा प्रकारचें छायाचित्र असंख्य घरांत असे. त्या सुटीच्या आठवणीवर कित्येक कुटुंबांनीं जन्म काढला. परंतु त्याच किनाऱ्यावरील गांवांतून १९४४ च्या मे महिन्यांत सुमारें १ लाख ९० हजार क्रिमियन तातारांना दोन-तीन दिवसांत गाड्यांत कोंबून मध्य आशियांत धाडलेलें होतें, आणि त्यांना घरीं परतावयास चाळीसहून अधिक वर्षें लागलीं. विश्रांतिगृहांतील पाहुण्यांना तें ठाऊक असेलच असें नाहीं. सुटी खरी होती, समुद्रही खरा होता. ज्यांचें घर त्या चौकटीबाहेर गेलें होतें, त्यांच्यापाशीं मात्र त्या सनाचें तेथील छायाचित्र नाहीं.

सर्वांत अवघड पान याहून निराळें आहे. आल्बम उलटतां उलटतां मध्येंच १९३० नंतरच्या दशकांतील एखादें छायाचित्र येतें. कारखान्यांतील मंडळी आहेत, किंवा एखाद्या लग्नाचा समारंभ आहे, आणि त्यांत एका माणसाच्या धडावर चेहरा नाहीं. तो ब्लेडनें खरवडलेला आहे, शाईनें भरलेला आहे, किंवा कात्रीनें गोल कापून काढला आहे. हें काम सरकारनें केलेलें नव्हे. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत अधिकृत नोंदींप्रमाणेंच सुमारें ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घालण्यांत आल्या. पकडलेल्यांची संख्या याहून पुष्कळच मोठी होती. पकडलेल्या मनुष्याचें चित्र घरांत सांपडणें हाही पुरावा ठरूं शके. म्हणून नवऱ्याला नेल्यावर बायको रात्रीं दिव्यापाशीं बसून त्याचा चेहरा स्वतःच्या हातानें पुसून टाकी, आणि उरलेलें छायाचित्र, त्यांत मुलें आहेत म्हणून, जपून ठेवी. नातवंडांनीं विचारलें तर ‘कोणी ओळखीचे होते’ एवढेंच उत्तर. कित्येकांना आपला आजोबा दिसत कसा होता हें साठ वर्षांनीं, तुरुंगाच्या दप्तरांतील पुढून आणि बाजूनें काढलेल्या दोन छायाचित्रांवरून प्रथम कळलें.

जे मोठे कलावंत होते तेही यांतून सुटले नाहींत. अलेक्सांद्र रोदचेन्को यांनीं १९३४ सालीं ‘उझबेकिस्तानचीं दहा वर्षें’ हा भव्य चित्रग्रंथ सजविला. तीनचार वर्षांतच त्यांतील पुढारी एकामागून एक देशद्रोही ठरून मारले गेले, आणि रोदचेन्को यांनीं आपल्या स्वतःच्या प्रतींतील त्यांचे चेहरे दाट काळ्या शाईनें झांकून टाकले. इंग्लंडमधील संग्राहक डेव्हिड किंग यांना ही प्रत पुढें मॉस्कोंत सांपडली आणि १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं तीं पानें छापलीं. गुप्त पोलिसांचे प्रमुख निकोलाय येझोव्ह यांची मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या कांठच्या चित्रांतून स्टॅलिनशेजारून झालेली हकालपट्टी जगप्रसिद्धच आहे. त्यांच्या जागीं नुसतें पाणी दिसतें. पण सरकारी कारागिरानें सफाईनें भरलेल्या त्या पाण्यापेक्षां घरच्या बाईनें कात्रीनें पाडलेलें भोक अधिक बोलतें. आणि परका मनुष्य हें छायाचित्र पाहून पुन्हां थबकतो, कारण गालिच्याइतकेंच, कांचेच्या कपाटाइतकेंच, हेंही अनेक घरांत सारखें होतें. किल्ली याही कुलुपाला लागते.

कॅमेऱ्यानें सोव्हिएट जीवनाचा खरा चेहरा टिपण्याचे प्रयत्न त्या काळींही झाले, हें येथें सांगितलें पाहिजे. लिथुएनियाचे आंतानास सुत्कुस यांनीं १९६४ सालीं डोकें भादरलेल्या, गणवेषांतील एका मुलाचें छायाचित्र काढलें. पायोनियर म्हटला म्हणजे त्यानें हंसावयाचें, ही रीत. हा मुलगा हंसत नाहीं, नुसता पाहतो. एवढ्याबद्दल सुत्कुस यांच्यावर निराशावादाचा ठपका आला. खार्किव्हचे बोरिस मिखाइलोव्ह यांची हकीकत याहून चमत्कारिक आहे. ते कारखान्यांत अभियंते होते. पत्नीचीं नग्न छायाचित्रें गुप्त पोलिसांच्या दृष्टीस पडल्यामुळें त्यांची नोकरी गेली. पुढें पोटासाठीं ते लोकांचीं जुनीं घरगुती छायाचित्रें मोठीं करून हातानें रंगवून देऊं लागले. गाल गुलाबी करावयाचे, आकाश निळें करावयाचें, मेलेल्या बापाच्या कोटावर पदक काढावयाचें, अशी गिऱ्हाइकांची मागणी. हें काम करतां करतां मिखाइलोव्ह यांच्या ध्यानांत आलें कीं घराघरांतील माणसांना आपली आठवण अशीच रंगवून हवी असते. मग त्यांनीं तेंच रंगकाम किंचित् अधिक भडक केलें. तेवढ्यानें त्याच चित्रांतून सारा काळ स्वतःलाच वेडावूं लागला. २००० सालीं त्यांना हासेलब्लाद पारितोषिक मिळालें. सतरा वर्षांनीं सुत्कुस यांना एरिख सालोमन पारितोषिक मिळालें.

या जीवनाचीं रंगविलेलीं चित्रें महाराष्ट्रांतील घरांतही येत असत. ‘सोव्हिएट लँड’ हें सचित्र नियतकालिक दिल्लीहून मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांचीं मराठी बालपुस्तकें मुंबई-पुण्यांत अल्प किंमतींत मिळत. अण्णा भाऊ साठे १९६१ सालीं त्या देशांत जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ त्यांनीं लिहिला. त्या नियतकालिकांचा गुळगुळीत, जाड कागद शाळेच्या वह्यांना वेष्टण घालण्यास फार सोयीचा पडे. म्हणून कित्येक मराठी मुलांच्या गणिताच्या वहीवर एखादी हंसरी सामूहिक शेतकरीण वर्षभर गव्हाची पेंढी घेऊन उभी असे. त्यांच्यापैकीं पुष्कळांना आज त्या अदृश्य झालेल्या देशाबद्दल जिव्हाळा वाटतो, तो त्या शेतकरणीमुळें. त्या हळहळींत कांहीं वावगें नाहीं. फक्त तिचें हंसूं हें न्हाणीघरांत उमटलेलें हंसूं नव्हतें. तें कार्यालयांतून निवडून पाठविलेलें होतें, एवढें ओळखलें म्हणजे झालें.

घरगुती छायाचित्र आणि सरकारी छायाचित्र यांतील हें अंतर कसें मिटूं शकतें याचें उदाहरण अलीकडचें आहे. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएट संघराज्याचीं सुमारें २ कोटी ७० लाख माणसें मेलीं; असें घर नव्हतें कीं जेथें भिंतीवर एखाद्या न परतलेल्या तरुणाचें छायाचित्र लटकत नव्हतें. सायबेरियांतील तोम्स्क शहरांतील कांहीं पत्रकारांनीं २०१२ सालीं अशी कल्पना काढली कीं ९ मे रोजीं विजयदिनीं रणगाडे आणि पुढारी यांच्याऐवजीं लोकांनीं आपापल्या घरचें तें छायाचित्र हातांत धरून मुकाट्यानें रस्त्यानें चालावें. ‘अमर पलटण’ हें तिचें नांव. पहिल्याच वर्षीं हजारों माणसें आलीं. बाप, आजोबा, आत्या खांद्याच्या उंचीवरून पुढें सरकत होतीं. तीन वर्षांत हें लोण मॉस्कोच्या तांबड्या चौकांत पोंचलें आणि राष्ट्राध्यक्षच अग्रभागीं आले. मुळांतील मुकेपणा गेला, घोषणा आल्या, संयोजन सरकारी झालें. २०२३ सालीं सुरक्षिततेचें कारण सांगून रस्त्यावरची मिरवणूक रद्द करण्यांत आली. खरवडलेल्या चेहऱ्यांचीं नांवें शोधून काढणारी ‘मेमोरियल’ ही संस्था त्याच्या आधींच, २०२१ च्या डिसेंबरांत, रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानें विसर्जित केली होती. पुढील वर्षीं तिला शांततेच्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर चढाई केली. जेथें निराधार मुलांनीं पहिला फेड जोडला आणि जेथें मिखाइलोव्ह यांनीं मेलेल्या बापांचे गाल गुलाबी केले, त्या खार्किव्हच्या उत्तरेकडील साल्तिव्का या वस्तीवर कित्येक महिने तोफांचा मारा चालूं होता. ही वस्ती सोव्हिएट काळांतील सिमेंटच्या त्याच तयार भिंतींची आहे. त्या दिवसांतील तेथील छायाचित्रांतून इमारतींच्या दर्शनी भिंती कोसळून मजल्यामागून मजले उघडे पडलेले दिसतात. बाहुलीच्या घराप्रमाणें आंतील सारें समोर येतें: पांच-सहा चौरस मीटरांचें स्वयंपाकघर, उघड्या दाराचें कपाट, खिडकीच्या चौकटीस अडकलेला पडदा. मॉस्कोंतील पन्नाशी उलटलेला कोणी मनुष्य तीं पाहत असेल तर त्यालाही तें कपाट ओळखूं येत असलें पाहिजे.